बोली घरी ठेवून निघालेले

मुंबई-आग्रा महामार्गाने इंदूरकडे जाणाऱ्याला धुळे जिल्ह्यातला शिरपूर तालुका आठवतो तो तापीवरच्या पुलामुळे. पूल ओलांडला की शिरपूर. तापीच्याच काठाने पुढे गेलं की थाळनेर. थाळनेर हे लता मंगेशकरांचं आजोळ आणि शिरपूर हे स्मिता पाटीलच्या वडिलांचं गाव. एकाच तालुक्यातली ही दोन गावं. तरी लताबाईंचं नाव निघालं की मंगेशी, इंदूर, कोल्हापूर आठवतं आणि स्मिताचं निघालं की पुणं आणि दूरदर्शन. दोघींच्या चरित्रांत खानदेश येतो तो पहिल्या प्रकरणात, तोही ओळ-दोन ओळी. मग लेखक घाईघाईने मुंबईची गाडी पकडतो.

याचा राग येऊन खानदेशात वर्षातून एखादं भाषण होतं, ‘आपल्या मातीतली लेकरं’ असं काहीतरी. मला त्या भाषणांचा कंटाळा आहे. जन्मगावाच्या पाटीवरून कलावंतांची वाटणी करायची तर लताबाईंवर निदान चार गावं हक्क सांगतील. खानदेशातून पडद्याकडे जाणारी वाट कुठून कुठे गेली, तिकिटाचे पैसे कुणी भरले आणि त्या वाटेवर काय मागे ठेवावं लागलं, हे पाहणं मला जास्त मोलाचं वाटतं. जे मागे ठेवावं लागलं ते बहुतेक वेळा बोलीच होतं.

थाळनेर आज तापीकाठचं साधं गाव आहे. बऱ्हाणपूर वसण्याआधी फारुकी राजघराण्याची सत्ता इथून चालत होती. किल्ल्याचे अवशेष आणि फारुक्यांच्या कबरी त्याची साक्ष देतात. या गावात हरिदास रामदास लाड नावाचे गुजराती व्यापारी होते. त्यांची मुलगी नर्मदा दीनानाथ मंगेशकरांना दिली. ती गेल्यावर धाकटी बहीण शेवंती त्या घरात गेली, तीच पुढची माई मंगेशकर. दीनानाथ तेव्हा बळवंत संगीत मंडळीचे मालक-नट होते. चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह १९१८ साली त्यांनी ही कंपनी काढली होती. तापीकाठच्या एका गुजराती पेढीवाल्याने आपली लेक नाटकवाल्याला द्यावी, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. नाटकवाल्याला घर भाड्याने मिळायची मारामार असे, मुलगी तर दूरची गोष्ट.

लहानपणी लता आजोळी येई. आजीकडून गरब्याची, पावागडच्या देवीची गाणी तिच्या कानावर पडली, असं तिच्या चरित्रात नोंदलेलं आहे. म्हणजे ज्या आवाजावर पुढे सगळ्या देशाने हक्क सांगितला, त्याच्या पहिल्या शिदोरीत थाळनेरच्या ओसरीवरची गुजराती गाणीही होती. खानदेशच्या या पट्ट्यात गुजराती, अहिराणी, भिली आणि मराठी एकाच बाजारात ऐकू येतात, त्यामुळे यात नवल काही नाही. पण दीनानाथांनी आडनाव घेतलं ते गोव्यातल्या मंगेशी गावावरून. बापाकडचं गाव नावात राहिलं आणि आईकडचं सुट्टीपुरतं.

लताबाईंना आपण गायिका म्हणूनच ओळखतो. पण घर चालवायला त्यांनी आधी तोंडाला रंग लावला होता, आणि तो त्यांना मनापासून नकोसा होता. दीनानाथांनी १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट काढला. तो त्यांना तारू शकला नाही. २४ एप्रिल १९४२ रोजी ते गेले तेव्हा लता तेरा वर्षांचीही नव्हती. त्याच वर्षी ती ‘पहिली मंगळागौर’ मध्ये दिसली, मग ‘माझे बाळ’, ‘गजाभाऊ’, ‘बडी माँ’. पाठीवरच्या भावंडांचं पोट भरायचं होतं. पडद्यावर येण्याचं हे कारण हौसेपेक्षा कितीतरी जुनं आणि बळकट आहे. या लेखात ते पुन्हा पुन्हा येणार आहे.

मुळात नाटक कंपन्या खानदेशात येत कशाला? पैसा होता म्हणून. १८६०च्या दशकात रेल्वे भुसावळला पोचली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेना आणि खानदेशच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. पुढे जळगावात खानदेश मिल उभी राहिली, अमळनेरला प्रताप मिल. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, अडते, दलाल, मिलचे कामगार, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतले बाबू, असा तिकीट काढणारा प्रेक्षक जागोजाग तयार झाला. संगीत नाटक मंडळी म्हणजे पन्नास-शंभर माणसांचं खटलं. पेट्या, पडदे, आचारी, साथीदार घेऊन ती रेल्वेच्या मार्गानेच फिरणार. कापूस विकला गेला की गावात रोकड खुळखुळायची आणि त्या रोकडीच्या मागावर कलावंत यायचे. खानदेश पिढ्यान्‌पिढ्या कलावंतांपेक्षा प्रेक्षकांचा मुलूख राहिला आहे. यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही. तिकीट काढणारा नसता तर बाकीचे कुठे असते?

जळगावशी बालगंधर्वांचं नातं याच काळातलं. नारायण श्रीपाद राजहंस १८८८ साली जन्मले. लहानपणी ते शिकायला नातेवाइकांकडे जळगावला होते आणि तिथे मेहबूब खाँ यांच्याकडे त्यांना गाण्याचे सुरुवातीचे धडे मिळाले. पुढे १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत गेले, १९१३ मध्ये त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. बाकीचा इतिहास मराठी माणसाला तोंडपाठ आहे. जळगावकरांनी ते बालपण विसरलेलं नाही. शहरातल्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचं नाव आहे आणि दर जानेवारीत वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठानचा बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. थंडीत शाल गुंडाळून शास्त्रीय गाणं ऐकणारं जळगाव बाहेरच्यांना ठाऊक नसतं. त्यांना केळी आणि भरीत एवढंच ठाऊक.

पडद्याने मात्र बालगंधर्वांना फार गोंजारलं नाही. १९३५ साली प्रभातने शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली ‘धर्मात्मा’ काढला. आधी त्याचं नाव ‘महात्मा’ होतं. गांधीजींची आठवण होईल म्हणून सेन्सॉरने ते बदलायला लावलं. ज्या माणसाने उभी हयात शालू नेसून रंगभूमी गाजवली, त्याने यात एकनाथ महाराज रंगवले. ही पुरुषभूमिका लोकांनी आदराने पाहिली, पण लोकांना हवी होती ती भामिनी, सिंधू, रुक्मिणी. कॅमेरा वन्समोअर घेत नाही. प्रेक्षकाच्या ‘पुन्हा एकदा’वर जगलेला नट रिकाम्या स्टुडिओत दिव्यांसमोर उभा राहिला, तेव्हाच रंगभूमी आणि पडदा हे दोन वेगळे धंदे आहेत हे महाराष्ट्राला कळायला लागलं असावं.

आता स्मिता.

वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते, पुढे राज्यात मंत्री आणि शिरपूर भागातल्या सहकाराचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. २०१३ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. आई विद्याताई समाजसेविका. स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला, शाळाही पुण्यातच. घरात राष्ट्र सेवा दलाचं वातावरण होतं. मुलींनी कलापथकात जायचं, गाणी म्हणायची, पथनाट्यात उभं राहायचं यात काही गैर आहे असं त्या घरात कुणाला वाटत नव्हतं. सत्तरच्या दशकात खानदेशातल्या पाटलाच्या मुलीला अभिनयाची वाट मोकळी मिळाली ती या सेवा दलामुळे. तिच्याच वयाच्या शिरपूरच्या दुसऱ्या एखाद्या मुलीने तेव्हा घरी ‘मला नटी व्हायचंय’ असं म्हटलं असतं, तर पुढच्या आखाजीआधी, म्हणजे अक्षय्य तृतीयेआधी, तिचं लग्न उरकलं असतं.

वडील मंत्री झाले आणि कुटुंब मुंबईला आलं. मुंबई दूरदर्शन नुकतंच सुरू झालं होतं, स्मिता तिथे मराठी बातम्या वाचू लागली. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, हा किस्सा एव्हाना सर्वांना पाठ आहे. श्याम बेनेगलांच्या नजरेत ती तिथेच भरली. १९७५ साली ‘चरणदास चोर’, मग ‘निशांत’, १९७६ साली ‘मंथन’ आणि १९७७ साली ‘भूमिका’. ‘भूमिका’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा ती जेमतेम बावीस वर्षांची होती.

‘भूमिका’चा आधार होता हंसा वाडकर यांचं ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मचरित्र. घर चालवण्यासाठी लहानपणीच कामाला लावलेली, नवऱ्याने कमाईवर डोळा ठेवलेली, एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे जात राहिलेली एक मराठी नटी. नटीचा धंदा आतून कसा असतो हे इतक्या उघडपणे सांगणारा हिंदी चित्रपट त्याआधी क्वचितच झाला असेल. आणि तो पडद्यावर जिवंत केला एका मंत्र्याच्या मुलीने, जिला पोटासाठी पडद्यावर यावं लागलं नव्हतं. मला स्मिताचं सर्वांत मोठं काम इथे दिसतं. जे सोसलं नाही ते तिने अंगावर घेतलं.

‘मंथन’च्या चित्रीकरणाच्या वेळी बघ्यांना बायकांच्या घोळक्यात नायिका कोणती हे ओळखू आलं नाही, असं सांगतात. त्यावरून ‘शेवटी शिरपूरच्या मातीतली ना!’ असा निष्कर्ष काढणारे खानदेशात पुष्कळ भेटतात. मला तो पटत नाही. पुण्याच्या शाळेत वाढलेली मुलगी ओटीवर उकिडवी कशी बसते, घागर कंबरेवर कशी घेते, हे गावच्या रक्तातून येत नाही. ते बघावं लागतं, करून पाहावं लागतं. ‘चक्र’मधली झोपडपट्टीतली अम्मा शिरपूरच्या कुठल्या वाड्यात राहत होती? त्या भूमिकेसाठीही तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मातीला श्रेय देताना आपण तिच्या मेहनतीचं श्रेय काढून घेतो.

शिरपूरचा एक धागा मात्र मला खरोखर वेगळा वाटतो, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. १९७५ साली आलेल्या जब्बार पटेलांच्या ‘सामना’मध्ये स्मिताची छोटी भूमिका आहे. तेंडुलकरांनी लिहिलेला हा चित्रपट एका साखरसम्राटाचा. निळू फुल्यांचा हिंदूराव धोंडे पाटील, सगळं गाव खिशात घातलेला. पडद्यावर सहकाराच्या सत्तेची चिरफाड चालू आहे आणि त्यात एका सहकारनेत्याची मुलगी काम करते आहे. त्या काळातल्या पुढाऱ्यांच्या घरात असं घडू शकत होतं. आज एखाद्या पुढाऱ्याच्या मुलीने असा चित्रपट करावा अशी कल्पना करून पाहा.

‘जैत रे जैत’ हा १९७७चा चित्रपट तर कागदावर नसला तरी निम्मा खानदेशचा आहे. कथा गो. नी. दांडेकरांची, ठाकरांची, सह्याद्रीतली. पण नायिका शिरपूरच्या घरातली. संगीत देणाऱ्या हृदयनाथ मंगेशकरांचं आजोळ थाळनेर. गाणी लिहिणारे ना. धों. महानोर अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या पळसखेड्याचे, जळगाव जिल्ह्याच्या अगदी सीमेवरचे, आणि जळगावात शिकलेले. तापीपासून अजिंठ्यापर्यंतची तीन घरं त्या चित्रपटात एकत्र आली, तरी त्यात अहिराणीचा एक शब्द नाही. कथा तिकडची नव्हती, म्हणून तक्रारीला जागा नाही. पण खानदेशची माणसं एका पडद्यावर एवढ्या संख्येने पुन्हा जमली नाहीत, आणि जमली तेव्हा ती दुसऱ्याची बोली बोलत होती.

स्मिता १३ डिसेंबर १९८६ रोजी गेली, एकतिसाव्या वर्षी. ‘मिर्च मसाला’ तिच्या मागून प्रदर्शित झाला.

या दोघींच्या मानाने ज्यांची नावं कुठल्याच चरित्रकोशात सापडत नाहीत ती तमाशातली माणसं. खानदेशचा तमाशा हा स्वतंत्र धंदा आहे आणि त्याचं वेळापत्रकही कापसाशी बांधलेलं. दसऱ्याला फड बाहेर पडतो. वेचणी सुरू होते, हातात मजुरी येते, मग एकामागून एक यात्रा लागतात. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार, चैत्रात धुळ्याला एकवीरा देवीची यात्रा, वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची. पावसाळा जवळ आला की फड घरी परततो.

फडांच्या दोन जाती. तंबूचा फड स्वतःची कनात घेऊन हिंडतो आणि तिकीट लावतो. दुसरा सुपारीवर नाचतो. गाव वर्गणी काढतं, ठरलेली रक्कम देतं आणि चावडीसमोर फुकट तमाशा होतो. तंबूच्या फडात शंभराच्या आसपास माणसं असतात. नाचणाऱ्या बाया, सोंगाड्या, मावशी, ढोलकीवाला, वगातले नट आणि त्यांच्याबरोबर स्वयंपाकी, वायरमन, ट्रकचे चालक. पावसाळ्यात या सगळ्यांना फडमालक उचल देतो. उचलीसाठी तो स्वतः सावकाराकडून पैसा उभा करतो आणि हंगामभर फेडत बसतो. एक यात्रा पावसाने धुऊन गेली किंवा पोलिसांनी दहालाच खेळ बंद केला, तर व्याज अंगावर. २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं लागोपाठ यात्रा भरल्या नाहीत, तेव्हा कितीतरी फडांतल्या माणसांनी मजुरीची वाट धरली.

सिनेमावाल्यांच्या अगदी उलट, तमाशावाले आपलं गाव नावातच वागवतात. भिका-भीमा सांगवीकर, आनंदराव महाजन जळगावकर. पाटीवरच गाव लिहिलेलं असल्याने बोली लपवण्याची गरज उरत नाही. गण आणि गौळण नेहमीच्या मराठीत होतील, पण बतावणीत सोंगाड्या अहिराणीवर आला की तंबूतली हवा बदलते. समोर बसलेल्या सालदाराला त्याच्या घरच्या भाषेत चेष्टा करणारं कुणीतरी मिळालेलं असतं. अहिराणीचा हा रंगमंचावरचा वावर कुठल्याही चित्रपटापेक्षा जुना आहे आणि भाषेच्या अभ्यासकांनी तो पुरेसा मोजलेला नाही, असं माझं मत आहे. २०११च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे अठरा लाखांहून जास्त होते. एवढ्या लोकांना आपल्या बोलीत हसवणारा माणूस मिळायचा तो फक्त तमाशाच्या तंबूत.

सगळा खानदेश अहिराणी बोलतो, हाही बाहेरच्यांचा गैरसमज. यावल, रावेर, भुसावळकडे लेवा गणबोली आहे, बहिणाबाई चौधरींच्या ओव्या त्या बोलीतल्या. १९६१च्या ‘मानिनी’ चित्रपटाने बहिणाबाईंचं काव्य आशाबाईंच्या आवाजात घरोघर पोचवलं, तेव्हा खानदेशातली एक बोली पहिल्यांदा एवढ्या मोठ्या कानावर गेली. बाई मात्र दहा वर्षांपूर्वीच, १९५१ साली, गेल्या होत्या.

बोलींच्या या यादीत मालेगावही येतं. ते आज नाशिक जिल्ह्यात आहे. पण नाशिक जिल्हा १८६९ साली तयार झाला, त्याआधी तो भाग खानदेशात होता, आणि मोसम नदीकाठच्या खेड्यांत अजून अहिराणीच चालते. शहरात उर्दू-दखनी, कारण शहर विणकरांचं. यंत्रमागाचा खडखडाट रात्रंदिवस चालतो आणि शुक्रवारी थांबतो. शुक्रवार हा सिनेमाचा दिवस.

नासिर शेख तिथे व्हिडिओ पार्लर चालवायचा. सिनेमे दाखवता दाखवता त्याला सिनेमा जुळवायचा कसा ते कळलं. २०००च्या सुमारास त्याने ‘मालेगाव के शोले’ काढला, पन्नास हजारांच्या घरात. डाकू सायकलींवर, बसंतीची ‘बासमती’ झालेली. गावात तो तुफान चालला. फैजा अहमद खान यांनी २००८ साली ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, त्यात या मंडळींचा पुढचा उद्योग दिसतो. सुपरमॅन म्हणून निवडलेला शफीक शेख यंत्रमाग कामगार, काडीसारखा. त्याला उडवायचं म्हणजे आडव्या दांड्यावर लटकवायचं आणि ट्रकवर हिरवं कापड ताणायचं. मध्येच त्याचं लग्न निघतं, तेवढ्यात कॅमेरा पाण्यात पडतो. नटी बाहेरगावाहून आणावी लागते, कारण मालेगावातली बाई कॅमेऱ्यासमोर येणार नसते. हे शेवटचं वाक्य माहितीपटात हसता हसता निघून जातं, पण खानदेशातल्या करमणुकीच्या धंद्याचं सगळं गणित त्यात आहे. पुरुष हौसेसाठी शुक्रवारी सुपरमॅन होऊ शकतो. बाई येते ती पैशांसाठी, दुसऱ्या गावाहून, बहुधा ऑर्केस्ट्राच्या वाटेने. आणि नाव राहतं पुरुषाचं.

शफीक २०११ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने गेला. माहितीपट चित्रपटगृहात लागला तो २०१२ साली. फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ आला. त्यात नासिर झाला आदर्श गौरव आणि शफीक झाला शशांक अरोरा. चित्रपट चांगला आहे, मायेने केलेला आहे. पण जी माणसं स्वतःच नट होती त्यांची भूमिका करायला अखेर मुंबईचे नट आले, हे बघताना मला थोडं अडखळल्यासारखं झालं.

त्याच मालेगावातून ‘छोटू दादा’ निघाला. उंचीने लहान, तोंडाने तिखट असा शफीक नावाचाच दुसरा एक विनोदवीर. आधी त्याच्या सीड्या विकल्या जायच्या, मग यूट्यूब आलं आणि त्याचे व्हिडिओ कोटी-कोटी लोकांनी पाहिले. व्हिडिओच्या नावात ‘खानदेश हिंदी कॉमेडी’ असं लिहिलेलं असतं. उत्तर प्रदेशातल्या नाहीतर बिहारमधल्या शाळकरी पोराला खानदेश हा शब्द ठाऊक असेल तर तो बहिणाबाईंमुळे नव्हे, छोटू दादामुळे. आमच्याकडच्या साहित्य संमेलनांत हे कुणी बोलून दाखवत नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, खेड्यापाड्यांत फोनवर चित्र फुकटात चालू लागलं आणि अहिराणी गाण्यांचा हंगाम सुरू झाला. सचिन कुमावत यांची निर्मिती आणि अण्णा सुरवाडे यांचा आवाज असलेलं ‘बबल्या इकस केसावर फुगे’ खानदेश ओलांडून कोकणातल्या हळदीपर्यंत गेलं. पुढे विनोद कुमावत यांच्या ‘हाई झुमका वाली पोर’नेही तीच वाट धरली. सगळ्या महाराष्ट्राला नाचवणाऱ्या या गाण्यांचे अर्ध्याहून जास्त शब्द नाचणाऱ्यांना कळत नव्हते, आणि त्यांना त्याची फिकीरही नव्हती. इथे पहिल्यांदा असं झालं की पडद्यावर येणाऱ्याने बोली घरी ठेवली नाही. तीच विकायला काढली.

हा धंदा कसा चालतो ते बघण्यासारखं आहे. गाणं लिहिणारा, गाणारा आणि पडद्यावर ओठ हलवणारा अशी तीन वेगळी माणसं. चित्रीकरण कुणाच्या तरी मळ्यात, नदीकाठी किंवा नव्या बंगल्याच्या गच्चीवर. कॅमेरा आणि ड्रोन लग्नाच्या फोटोग्राफरचे. लग्नसराई तोंडावर आली की गाणं बाहेर पडतं, कारण डीजेवाल्याने ते उचललं तरच ते चालतं. यूट्यूबचे पैसे चॅनेल ज्याच्या नावावर आहे त्याला मिळतात. नाचणाऱ्या पोरीला एका दिवसाची बिदागी. तिचा चेहरा कोट्यवधी फोनवर असतो, गल्लीत तिला गाण्याच्या नावाने हाक मारतात, आणि उद्याचं काम मिळेल की नाही हे तिला ठाऊक नसतं. हंसा वाडकरांच्या काळापासून या हिशेबात फारसा बदल झालेला नाही. तेव्हा निदान कंपनीत महिन्याचा पगार होता.

या गाण्यांना नाकं मुरडणारे जळगाव-धुळ्यातच जास्त भेटतात. पुष्कळ गाणी सुमार आहेत हे खरं, तीच चाल, तोच झुमका. पण सुमार तर संगीत नाटकंही ढिगाने झाली. आपण त्यातली दहा-बारा लक्षात ठेवली एवढंच.

सरळ वाटेने गेलेलेही आहेत. जळगाव जिल्ह्यातले शिवाजी लोटन पाटील हे त्यातलं सर्वांत ठळक नाव. त्यांच्या ‘धग’ला साठाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा मान मिळाला आणि त्याच चित्रपटासाठी उषा जाधव सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली. पुढे ‘हलाल’ आला, आणि ‘भोंगा’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. नाटकात जळगावची ‘परिवर्तन’ ही संस्था गावातच राहून काम करते. श्रीकांत देशमुखांच्या लेखनावरून शंभू पाटलांनी केलेलं ‘नली’ हे नाट्यरूप हर्षल पाटील एकटे रंगवतात. राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी जळगावात संघ भिडतात, कॉलेजच्या एकांकिका होतात, आणि दर वर्षी त्यातली दोन-चार पोरं पुण्या-मुंबईची गाडी पकडतात. तिथे गेल्यावर त्यांना पहिल्यांदा सांगितलं जातं, उच्चार सुधारा.

मालवणीला ‘रात्रीस खेळ चाले’ मिळालं, कोल्हापूरला ‘तुझ्यात जीव रंगला’, साताऱ्याला ‘लागिरं झालं जी’. त्या मालिकांनी त्या त्या भागातल्या नटांना त्यांच्या बोलीसकट काम दिलं. अहिराणीला त्या ताकदीचं काही मिळालं असं मला वाटत नाही. वाहिन्या सांगतील की भाषा कळायला जड. पण झुमकावाल्या पोरीवर सगळा महाराष्ट्र नाचून बसल्यावर हे कारण टिकायला नको.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या मागे लोकांनी ते उभं केलं आणि त्यांची दप्तरं सांभाळली. शंकर श्रीकृष्ण देवांचं समर्थ वाग्देवता मंदिरही तिथलंच, रामदासी हस्तलिखितांसाठी त्यांनी गावोगाव पायपीट केली. कागद जपण्याची अशी परंपरा असलेल्या या शहरात तमाशाच्या फडांची हस्तपत्रकं, एसटी स्टँडवर विकलेल्या अहिराणी कॅसेट आणि मालेगावच्या सीड्या एका ठिकाणी जमवल्या जात असल्याचं माझ्या पाहण्यात नाही. या सीड्यांवर बुरशी चढते, कॅसेटची फीत चिकटते. वगांच्या वह्या फडमालकांच्या घरी, ट्रंकेत आहेत, आणि त्यातले बरेच मालक आता सत्तरीच्या पुढचे आहेत. एखाद्या कॉलेजच्या मराठी विभागाने यंदाच्या पावसाळ्यात, फड घरी असताना, एक स्कॅनर आणि दोन विद्यार्थी पाठवले तरी काम सुरू होईल.